हनुसंधिविकार आणि भ्रम : निदानाचा क्रम, चिकित्सा व रुग्णाची दिनचर्या

प्रास्ताविक

आपल्या चिकित्सालयात नित्य कानी पडणाऱ्या तक्रारींत 'चक्कर येते' या तक्रारीचा क्रम फार वरचा आहे. रक्तदाब मोजून होतो, रक्ताच्या तपासण्या होतात, मानेचे क्ष-किरण छायाचित्र निघते, कानाचे तज्ज्ञही 'विशेष काही आढळत नाही' असे सांगतात. तरीही चक्कर मात्र जात नाही. असे काही रुग्ण प्रत्येक वैद्याच्या वाट्यास येतातच. यांपैकी काहींना जेवताना कानापुढे 'कट्' असा आवाज होत असतो, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, एका बाजूचा कान भरल्यासारखा वाटत असतो. परंतु जबड्याचा आणि चकरेचा काय संबंध, असे वाटून रुग्ण ते सांगत नाही आणि आपणही ते विचारत नाही.

प्रस्तुत लेखात या संबंधाचा ऊहापोह करण्याचा मानस आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : हनुसंधीची विकृती हे भ्रमाचे एक कारण असू शकते, म्हणून भ्रमाच्या प्रत्येक रुग्णात हनुसंधीची परीक्षा व्हावी, परंतु 'भ्रम जबड्यामुळे आहे' हा निर्णय मात्र सर्वांत शेवटी व्हावा. परीक्षा आधी व निर्णय शेवटी हा क्रम उलटला, तर एकीकडे साध्या उपायांनी बरा होणारा रुग्ण वर्षानुवर्षे गोळ्या खात राहतो आणि दुसरीकडे पक्षाघाताचा वा हृद्रोगाचा रुग्ण जबड्याला तेल चोळीत घरी बसतो. दोन्ही गोष्टी आपल्या शास्त्रास शोभणाऱ्या नाहीत.

ग्रंथोक्त विचार

भ्रमाची गणना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ८० नानात्मज वातविकारांत केली आहे. माधवनिदानकारांनी मूर्च्छा, तंद्रा, संन्यास यांच्याबरोबर भ्रमाचा विचार करताना रज, पित्त व वात यांचा संबंध सांगितला आहे. म्हणजे केवळ 'वात' म्हणून सर्व भ्रमरुग्णांस एकच चिकित्सा देणे ग्रंथांनाही अभिप्रेत नाही.

हनुसंधीविषयी आपल्या संहितांतील निरीक्षणे विलक्षण सूक्ष्म आहेत. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींचे आठ प्रकार सांगून दोन्ही बाजूंच्या हनुसंधीस 'वायसतुण्ड' म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा हा प्रकार दिला आहे. दंतगत रोगांत त्यांनी हनुमोक्षाची गणना केली आहे. हेतूंच्या दृष्टीने वाग्भटाचार्यांचे विवेचन सर्वांत उपयोगी पडते. जीभ अति खरवडणे, शुष्क व कठीण पदार्थ खाणे आणि अभिघात ही तीन कारणे देऊन, हनुमूलाश्रित वायू प्रकुपित झाल्याने तोंड उघडेच राहते किंवा मिटलेलेच राहते, असे ते म्हणतात. आजच्या परिभाषेतील सांधा निखळणे व जबडा जखडणे या दोन्ही अवस्था यात येतात.

चिकित्सेतही हीच स्पष्टता दिसते. चरकाचार्य चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात निखळलेला हनू स्वस्थानी बसवावा व ताठरलेल्या हनूस स्वेदन करून तो लवचीक करावा, असा भेद करतात. उघड्या राहिलेल्या जबड्यास स्वेदन करून अंगठ्यांनी दाबावे व तर्जनींनी हनुवटी उचलावी, ही त्यांनी वर्णिलेली क्रिया आजच्या रुग्णालयांतील पद्धतीशी पुष्कळशी जुळते. सुश्रुताचार्य सांधा बसविल्यानंतर पंचांगी बंध व वातघ्न-मधुर द्रव्यांनी सिद्ध घृताचे नस्य सांगतात.

हनुविकारामुळे भ्रम होतो असे थेट विधान मात्र या स्थळांत नाही. तो संबंध आपण संप्राप्तीवरून जोडतो. हनू, कर्ण, शंख व मन्या हे परस्परांलगतचे प्रदेश आहेत. कानामागे खालच्या बाजूस विधुर मर्म व कपाळाच्या बाजूस शंख मर्म आहे. हनुमूलाश्रित वात शेजारच्या कर्ण-शंखप्रदेशात विकृती उत्पन्न करील व त्यास पित्ताची वा मानसिक रजोदोषाची जोड मिळाली तर भ्रम व्यक्त होईल, ही उपपत्ती आम्हांस युक्तीला धरून वाटते. तथापि ती उपपत्ती आहे, शास्त्रवचन नव्हे, एवढे भान ठेवावे.

आधुनिक दृष्टीने संबंध

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जो सांधा हलताना जाणवतो तोच हनुसंधी. खालच्या जबड्याचे टोक व कवटीचे शंखास्थी यांच्यामध्ये तंतुमय चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी फिरते व नंतर पुढे सरकते. चकती जागची सरकली की 'कट्' आवाज होतो. ती अडकली की तोंड पूर्ण उघडत नाही.

या सांध्याचा व कानाच्या तक्रारींचा संबंध १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांच्या आधारे मांडला. दाढा पडल्यामुळे जबड्याचे टोक मागे सरकून कानाच्या नळीवर व नाड्यांवर दाब येतो आणि त्यामुळे कान भरणे, कर्णनाद व चक्कर ही लक्षणे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शरीररचनातज्ज्ञांनी हा यांत्रिक दाबाचा सिद्धांत टिकत नाही, असे दाखविले. लक्षणांचे साहचर्य मात्र नाकारले गेले नाही. १९६२ साली पिंटो यांनी हनुसंधी व मध्यकर्णातील अस्थी यांना जोडणाऱ्या एका बंधाचे वर्णन केले. त्याचे महत्त्व किती, याविषयी अद्याप एकमत नाही.

आज अधिक ग्राह्य मानला जाणारा विचार नाड्यांचा आहे. चर्वणाच्या स्नायूंना पाचव्या शीर्षण्य नाडीची अधोहनुशाखा चेतना देते. कर्णपटल ताणणारा सूक्ष्म स्नायू व घशातून कानाकडे जाणारी नळी उघडणारा टाळूचा स्नायू यांनाही तीच शाखा पुरवठा करते. या नाडीच्या संवेदना व मानेच्या वरच्या तीन नाड्यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकत्र येतात. मानेच्या स्नायूंकडून येणारी स्थितीची जाणीव पुढे तोलाच्या केंद्रांपर्यंत पोहोचते. म्हणून जबडा सतत आवळलेला असणे, मान पुढे काढून बसणे व तोल अस्थिर वाटणे ही त्रयी एकाच रुग्णात दिसते. त्यात झोपेचा अभाव व चिंता यांची भर पडते. जबड्याच्या रुग्णांत चक्कर अधिक आढळते, हे अनेक निरीक्षणांतून पुढे आले आहे. परंतु साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. या विषयात अतिशयोक्त दावे करण्यास जागा नाही.

आपल्या भागातील हेतू

नागपूरच्या नैर्ऋत्येकडील प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला, जयताळा या वस्त्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यास तीन हेतूंची नोंद प्रत्येक रुग्णात घ्यावी लागेल.

पहिला हेतू खर्रा. पानठेल्यावर तंबाखू, सुपारी व चुना घोटून दिलेली ही पुडी दिवसभर गालात राहते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी आणली, तरी घोटलेल्या खर्ऱ्याची सवय विदर्भात टिकून आहे. वाग्भटाचार्यांचा शुष्क-कठीण भक्षणाचा हेतू येथे अक्षरशः लागू पडतो. सुपारी चावण्याने सांध्यावर व स्नायूंवर अखंड भार येतो. शिवाय सुपारीमुळे तोंडातील त्वचा पांढुरकी व ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात सुपारीस मानवी कर्करोगकारक ठरविले आहे. म्हणून तोंड कमी उघडणाऱ्या खर्रा-सेवी रुग्णास 'हनुग्रह' म्हणून तेल देण्यापूर्वी त्याच्या गालाच्या आतील भाग उजेडात पाहणे अनिवार्य होय.

दुसरा हेतू आवळलेले दात. परीक्षार्थी विद्यार्थी, संगणकावर काम करणारे कर्मचारी, घरी रुग्णसेवा करणाऱ्या गृहिणी यांना आपण दात आवळतो याची जाणीवही नसते. वस्तुतः विश्रांत अवस्थेत ओठ मिटलेले व दात विलग असावयास हवेत. चावताना व गिळतानाच ते एकमेकांस टेकावेत.

तिसरा हेतू ग्रीष्म ऋतू. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पाणी व मीठ कमी पडल्याने, तसेच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना उभे राहिल्याबरोबर दाब उतरल्याने येणारी चक्कर फार असते. अशा रुग्णाच्या जबड्यात योगायोगाने आवाज सापडला म्हणून तेच कारण धरू नये. सांध्याचा निव्वळ आवाज निरोगी माणसांतही पुष्कळदा आढळतो. वेदना वा हालचालीची अडचण नसेल तर त्यास चिकित्साही लागत नाही.

रुग्णपरीक्षा

प्रथम 'चक्कर' म्हणजे रुग्णास नेमके काय होते ते त्याच्याच शब्दांत काढून घ्यावे. भोवतालचे फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तरंगल्यासारखे वाटते ? हनुसंधिविकारात बहुधा तिसरा प्रकार आढळतो. किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, ऐकण्यात फरक पडतो का, हे त्यानंतर विचारावे.

त्यानंतर पुढील परीक्षा कराव्यात. त्यांस पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. बसून व उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरल्यास कारण तेथे शोधावे.

२. नाडीची गती व नियमितता पाहावी, पांडुत्व पाहावे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, हे विसरू नये. मधुमेहींची रक्तशर्करा त्याच वेळी तपासावी.

३. रुग्णाने स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालावीत. ती सहज गेल्यास तोंड पुरेसे उघडते असे समजावे. प्रौढांत हे अंतर साधारणतः ४० मिलिमीटर किंवा अधिक असते. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूस वळते का, हे पाहावे.

४. कानापुढील सांधा, गालावरील चर्वणस्नायू व शंखप्रदेशातील स्नायू बोटांनी हळुवार दाबावेत. दाबल्यावर 'हीच माझी वेदना' असे रुग्ण म्हणतो का, यास महत्त्व आहे.

५. मानेच्या हालचाली, दातांची झीज, हिरड्या, किडलेल्या दाढा व गालाच्या आतील त्वचा पाहावी.

६. सरळ रेषेत चालणे, बोटाने नाकास स्पर्श करणे, डोळ्यांच्या हालचाली व बोलणे पाहावे.

जबड्याचा त्रास वाढतो तेव्हा चक्कर वाढते व तो कमी होतो तेव्हा तीही कमी होते, असा क्रम रुग्णाच्या दोन-तीन आठवड्यांच्या नोंदीत दिसला आणि अन्य कारणे वगळली गेली, तरच हनुसंधीकडे बोट दाखवावे.

सापेक्ष निदान

बिछान्यात कूस बदलताना एक मिनिटाहून कमी काळ टिकणारी गरगर ही बहुधा अंतःकर्णातील कण सरकल्याने होते. डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितलेल्या परीक्षेने ती ओळखता येते व एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीर्षचालन क्रियेने ती पुष्कळदा एक-दोन बैठकांत बरी होते. तिच्यासाठी महिनोन्महिने औषध देण्याचे प्रयोजन नाही. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी गरगर, सोबत कर्णनाद व श्रवणशक्ती कमी होणे, ही मेनिअरच्या व्याधीची लक्षणे होत. यातही कान भरल्यासारखा वाटत असल्याने हनुसंधिविकाराशी गल्लत होते, म्हणून श्रवणपरीक्षा करून घ्यावी. अर्धशिशीच्या रुग्णांत डोके न दुखताही चक्कर येऊ शकते. एकाएकी सुरू होऊन दिवसेंदिवस न थांबणारी तीव्र गरगर ही अंतःकर्णाच्या नाडीच्या शोथाची किंवा लहान मेंदूच्या पक्षाघाताची असू शकते. यांतील भेद चिकित्सालयात बसून करण्याचा हट्ट धरू नये.

उदाहरणादाखल दोन रुग्ण कल्पू या. पहिली रुग्णा ४५ वर्षांची शिक्षिका. चार महिन्यांपासून सकाळी तरंगल्यासारखे वाटते, उजवा कान भरतो, कठीण पदार्थ चावले की कानशील दुखते, रात्री दात खाते असे घरचे सांगतात. रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, श्रवण सर्व प्राकृत. ही आपल्या विषयातील रुग्णा होय.

दुसरा रुग्ण ५८ वर्षांचा, मधुमेही. जबड्यातील 'कट्' आवाज कित्येक वर्षांचा आहे. आज सकाळी मात्र जिना चढताना डाव्या जबड्यात कळ आली, घाम फुटला, चक्कर आली. घरचे त्यास प्रतापनगर चौकातील औषधालयात वायूचे चाटण मागावयास पाठवितात. हा रुग्ण हृद्रोगाचा समजूनच त्याची व्यवस्था केली पाहिजे. मधुमेहींत व स्त्रियांत हृदयविकाराची वेदना छातीऐवजी जबड्यात व्यक्त होऊ शकते. जबड्याचा जुना आवाज दोघांकडेही आहे. भेद पडतो तो प्रश्न विचारल्याने.

तातडीने रुग्णालयात पाठवावयाची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास औषध न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावे : चेहरा वाकडा होणे, हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, गिळता न येणे, आधाराशिवाय उभेच राहता न येणे, आजवर कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, श्रमाने येणारी जबड्यातील वा छातीतील कळ, घाम, धाप, शुद्ध हरपणे, अभिघातानंतरची चक्कर. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून 'संध्याकाळपर्यंत पाहू' हा सल्ला घातक ठरतो.

एका कानाने एकाएकी ऐकू न येणे हेही तातडीचेच लक्षण होय. पन्नाशीपुढील रुग्णास चावताना जबडा थकून दुखणे, शंखप्रदेशातील शीर स्पर्शासह्य होणे व दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे रोहिणीशोथाची असू शकतात. विलंबाने दृष्टी कायमची जाते. जखमेचा इतिहास व जबडा मिटून जाणे असल्यास धनुर्वाताचा विचार करावा. तोंड उघडेच राहिले असेल तर सराव असलेल्या हातानेच सांधा बसवावा. अन्यथा रुग्णास मेडिकल परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात पाठवावे.

चिकित्सासूत्र

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. खर्रा व सुपारी पूर्ण बंद. फुटाणे, चिक्की, ऊस, मक्याचे कणीस, रोडगे, कडक भाकरी हे पदार्थ सहा आठवडे वर्ज्य करावेत. वरण-भात, मऊ खिचडी, गोळाभात, वरणात भिजविलेली पोळी, शिजविलेल्या भाज्या, ताक, सोललेली संत्री हे पथ्य होय. घास लहान असावा व दोन्ही बाजूंनी चावावे. केवळ पातळ आहारावर मात्र रुग्णास ठेवू नये. त्याने बलक्षय होतो व वात वाढतो.

स्नेहन-स्वेदन : बला तैल किंवा महानारायण तैल कोमट करून गाल, शंखप्रदेश व मानेवर दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटे हलक्या हाताने लावावे. हा मर्मप्रदेश आहे. जोराने दाबू नये. नंतर ओल्या कापडाने मृदू शेक द्यावा. ग्रीष्मात, पित्तप्रकृतीत, तृष्णा व दाह असताना स्वेद अल्प ठेवावा किंवा टाळावा. मानेस झटका देऊन ती वाजविणे, मग ते केशकर्तनालयात असो वा अन्यत्र, पूर्णतः वर्ज्य होय. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीस इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

नस्य व कवल : अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य नित्य सेवनास सोपे. प्रतिश्याय, ज्वर व भोजनोत्तर काळ यांत ते देऊ नये. तिळतेलाचा सुखोष्ण कवल तोंड अर्धेच भरून एक-दोन मिनिटे ठेवावा; वेदनाकाळात जोराने खुळखुळू नये. कर्णपूरण कर्णपटल अखंड असल्याची खात्री झाल्यावरच करावे.

आभ्यंतर : वातप्रधान वेदनेत रास्नासप्तक क्वाथ, योगराज गुग्गुळ किंवा त्रयोदशांग गुग्गुळ, बलक्षयात अश्वगंधा, पित्तानुबंधी भ्रमात दुरालभेचा काढा घृतासह. प्रकृती, अग्नी व चालू असलेली अन्य औषधे पाहूनच योजना करावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना गुग्गुळकल्प जपून वापरावेत. यष्टीमधूच्या दीर्घ वापराने रक्तदाब वाढू शकतो, तर सर्पगंधायुक्त कल्पांनी तो उतरून चक्कर वाढू शकते. आसवारिष्टांतील मद्यांश व गूळ-साखर मधुमेहींच्या बाबतीत ध्यानी घ्यावी.

व्यायाम : जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूस टेकवून, दात विलग ठेवून, जीभ न सोडता तोंड सावकाश उघडावे व मिटावे. एका वेळी ६ आवर्तने, दिवसातून ६ वेळा. हनुवटी किंचित आत ओढून मान सरळ करण्याचा अभ्यास त्यास जोडावा. जांभई येताना हनुवटीखाली मुठीचा आधार द्यावा.

२०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या सांध्याच्या जीर्ण वेदनेसाठी देखरेखीखालील व्यायाम, हस्तोपचार, शरीरस्थितीची सुधारणा, समुपदेशन व धीर देणे यांचीच जोरदार शिफारस आहे. चावच बदलून टाकणाऱ्या कायमस्वरूपी दंतपट्ट्या व चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांविरुद्ध स्पष्ट सल्ला आहे. त्या सूचना वेदनेपुरत्या आहेत, चकरेसाठी नव्हेत. तरीही त्यांतील सूत्र आपल्यासाठी मोलाचे आहे : ज्या उपायातून मागे फिरता येत नाही, तो उपाय या व्याधीत प्रथम करू नये. जबडा 'सरळ' करण्यासाठी निरोगी दात घासून घेण्यास निघालेल्या रुग्णास आपण थांबविले पाहिजे.

रुग्णाची दिनचर्या

कारण सापडले तरी चक्कर दुसऱ्या दिवशी थांबत नाही. या काळात रुग्णाने कसे वागावे, हे सांगणारा कोणी नसतो, आणि तेथेच तो खचतो. खालील सूचना छापून रुग्णाच्या हाती द्याव्यात.

उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. स्नानगृहात चौरंगावर किंवा स्टुलावर बसून स्नान करावे. रात्री मार्गात मंद दिवा असावा. चक्कर आल्यास तत्काळ बसावे व दृष्टी एका स्थिर वस्तूवर ठेवावी. चक्कर अनिश्चित असेतोवर दुचाकी चालवू नये, गच्चीच्या कठड्याजवळ वा शिडीवर काम करू नये. ग्रीष्मात उपाशीपोटी उन्हात निघू नये.

दिवसातून काही ठरावीक वेळा, उदाहरणार्थ फोन वाजला की, 'ओठ मिटलेले, दात विलग, खांदे सैल' याची आठवण करावी. साध्या वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात : चक्कर केव्हा आली, किती वेळ टिकली, जबड्याची स्थिती, झोपेचे तास, काय खाल्ले. या वहीचा वैद्यास जितका उपयोग, तितकाच रुग्णासही. आजार आपल्या आटोक्यात येत आहे हे त्यास दिसू लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चकरेच्या भीतीने रुग्णाने खाटेवर पडून राहू नये. पडून राहिल्याने मेंदूची तोल सावरण्याची सवय मोडते व चक्कर लांबते. धोक्याची कारणे वगळली गेल्यावर प्रथम घरात, मग सोबतीने वस्तीतील उद्यानात सायंकाळी दहा मिनिटे आणि पुढे क्रमाने अधिक चालावे. घरच्यांनी 'काही झाले नाही, मनाचे खेळ आहेत' असे म्हणू नये. तपासण्या प्राकृत असल्या तरी रुग्णाचे दुःख खरे असते.

सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा करावी. सुधारणा नसेल तर तीच औषधे पुढे न ओढता दंतवैद्य, कान-नाक-घसातज्ज्ञ व आवश्यक तर मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे लेखी टिपणासह पाठवावे.

औषधालय चालकांसाठी

चकरेचा रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडे न जाता औषधालयाच्या काउंटरवर येतो. तेथे विचारलेले चार प्रश्न जीव वाचवू शकतात : चक्कर आजच प्रथम आली का ? बोलण्यात, चालण्यात वा दिसण्यात फरक आहे का ? छातीत किंवा जबड्यात कळ, घाम आहे का ? रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे चालू आहेत का ? पहिल्या तीनपैकी एकाचेही उत्तर 'हो' आल्यास गोळी न देता चिकित्सकाकडे पाठवावे. दुसऱ्या वा तिसऱ्याचे 'हो' आल्यास थेट रुग्णालयात. चौथ्याचे 'हो' असल्यास रक्तदाब व रक्तशर्करा तपासल्यावाचून काही देऊ नये.

सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चकरेच्या गोळ्या अल्पकाळासाठी असतात. जुन्या चिठ्ठीवर त्या महिनोन्महिने देत राहिल्यास वृद्धांत कंपवातासदृश लक्षणे उत्पन्न होऊ शकतात व मेंदूची तोल सावरण्याची प्रक्रियाही मंदावते. जबडादुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्यांच्या आमाशयाचा व वृक्कांचा विचार करावा. आयुर्वेदीय औषधे म्हणून आपण विकतो त्यांतही १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेले कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावयाचे असतात. वेष्टनावरील ती सूचना ग्राहकास वाचून दाखविणे, हा आपल्या व्यवसायाचा सन्मानच आहे.

उपसंहार

हनुसंधी हा बोटाच्या अग्रावर मावणारा प्रदेश. आपल्या आचार्यांनी त्याचे हेतू, प्रकार व उपाय शतकांपूर्वी नोंदविले. त्या ज्ञानाचा मान आपण दोन प्रकारे राखू शकतो : भ्रमाच्या रुग्णाच्या जबड्यास हात लावून आणि जबड्याच्या रुग्णातही हृदय, मेंदू व कान यांचा विचार न सोडून. वैद्यबंधूंनी व औषधालय चालकांनी आपल्या नोंदवहीत भ्रमाच्या रुग्णांसाठी 'तोंड किती उघडते' व 'उभे राहिल्यावरचा रक्तदाब' असे दोन रकाने आजपासून आखावेत, एवढीच विनंती.